केसपेपरवर न लिहिलेला प्रवास

गरोदरपणातील हिवतापाचे, म्हणजेच मलेरियाचे, परिणाम सर्वत्र सारखे नसतात, आणि मलेरिया विरळ असलेल्या बेंगळुरूसारख्या शहरात नेमके हेच दवाखान्यांच्या ध्यानात राहत नाही. फॅल्सिपॅरम जातीच्या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी वारेत, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोहोचवणाऱ्या अवयवात, चिकटून साठतात. त्यामुळे आईला रक्तक्षय होतो, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोहून कमी वजनाचे जन्मते, आणि कधी ते दगावतेही. आफ्रिकेतील ज्या भागांत लहानपणापासून वारंवार लागण होते, तेथील स्त्रियांच्या अंगी काही प्रतिकारशक्ती मुरलेली असल्याने हे पुष्कळदा ताप न येताच घडते आणि पहिलटकरणींना अधिक भोवते. जेथे लागण क्वचित होते, तेथे मात्र कितवीही खेप असली तरी आजार एकाएकी गंभीर वळण घेऊ शकतो.

प्रस्तुत लेखिकेची धाकटी जाऊ गडचिरोलीची, पण लग्नानंतर बेंगळुरूतच स्थिरावलेली. डोहाळजेवणासाठी माहेरी जाऊन आल्यावर तिला थंडी वाजून ताप भरला. "तिकडच्या लोकांना सवय असते," असे ऐकवून डॉक्टरांनी केवळ डेंग्यूची चाचणी करवली, आणि ती निगेटिव्ह येताच, प्लेटलेट कमी असूनही, व्हायरल म्हणून पॅरासिटामॉलवर घरी धाडले. ज्याला 'सवय' म्हटले जाते ती प्रतिकारशक्ती सततच्या लागणीवर टिकते, प्रदेश सुटला की ओसरते, आणि वारेत साठणाऱ्या परजीवींपुढे पहिल्या खेपेला तोकडीच पडते, हे तर पाठ्यपुस्तकातले ज्ञान आहे. दुसऱ्या रुग्णालयात रक्ताच्या काचपट्टीवर फॅल्सिपॅरम आढळला, तेव्हा आधीचा केसपेपर उघडला गेला. ज्या प्रवासावरून टोमणा मारला गेला होता, त्याच प्रवासाच्या रकान्यापुढे निळ्या शाईत ठसठशीत 'नाही' लिहिलेले होते. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, आणि जाब विचारल्यावर पहिल्या दवाखान्याने "तुम्ही सांगायला हवे होते" एवढ्यावर विषय मिटवला.

अशा वेळी तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवू नये. गडचिरोली, गोवा, मंगळुरू किंवा मुंबई, जेथून आलो त्या गावाचे नाव केसपेपरवर समोर लिहवून घ्यावे आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. ताप आला त्याच दिवशी काचपट्टीची व झटपट चाचणी मागावी, आणि एक अहवाल निगेटिव्ह आला तरी ताप टिकल्यास ती पुन्हा करवावी, कारण परजीवी वारेत दडून बसल्यास बोटातून काढलेल्या रक्तात सापडेलच असे नाही. परजीवीची जात विचारून घ्यावी: व्हायव्हॅक्स यकृतात सुप्त राहून पुन्हा उलटतो, पण त्यावरचे प्रायमाक्विन गरोदरपणात देत नाहीत, त्यामुळे बाळंतपणानंतरच्या उपचाराची आठवण घरच्यांनीच ठेवावी लागते. औषधाच्या भीतीने उपचार टाळू नयेत. आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही जोडगोळी पहिल्या तिमाहीतही देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली आहे.

मच्छरदाणी वापरावी, पाण्याच्या टाक्या झाकाव्यात, हे सर्वांना ठाऊक असते. १८८३ च्या सुमारास बेंगळुरूतच मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी बंगल्याजवळचा पाण्याचा टब रिकामा करून डास कमी होतात हे अनुभवले होते. परंतु टाकी झाकणे घरच्यांच्या हाती असते, काचपट्टी मागवणे डॉक्टरांच्या. ती मागवण्यास नकार मिळाल्यास तो नकार सहीनिशी लेखी मागावा, आणि तोही न मिळाल्यास हुज्जत न घालता त्याच दिवशी दुसरे रुग्णालय गाठावे.