खड्ड्याच्या काठावरचा अभ्यास

प्रश्न : मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बांधकामावरची सुरक्षितता परीक्षेपुरतीच शिकवतात. सुट्टीत घरी असताना तिला काही शिकता येईल का?
– एक पालक, सिंदेवाही

उत्तर : नक्की येईल. हेल्मेट-बूट हा या विषयाचा सर्वांत सोपा भाग. गावात पाइपलाइनचं खोदकाम सुरू असेल, तर ठेकेदाराला विचारून तिला तिथे पाठवा, सोबत मोजायला टेप आणि नोंदींसाठी वही द्या. तिने आत उतरायचं नाही, काठापासून लांब उभं राहून बघायचं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते : चर १.५ मीटर किंवा त्याहून खोल असेल, तर बाजूंना उतार द्या किंवा लाकडी आधार लावा. उपसलेली माती काठापासून किमान १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी दूर टाका. बहुतेक ठिकाणी ढीग अगदी काठावर दिसतो. त्या वजनाने, त्यातून पावसात, भिंत ढासळते आणि आतल्या मजुराला पळायलाही वेळ मिळत नाही.

धोका खोदकामापुरताच नाही. १ ऑगस्ट २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा जीव गेला. अशा दुर्घटना वर्गात डिझाइनच्याच तासाला शिकवल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. मुलीने मोजमापांची वही प्राध्यापकांना दाखवावी आणि प्रकल्पासाठी हाच विषय मागावा.