टाका न मारता कॅफे सीट: जुन्या बुलेटवाल्यासाठी कानमंत्र

बाळा, जुन्या बुलेटला कॅफे सीट लावायची म्हणतोस, खुशाल लाव. गॅरेजात गेलास की पहिला प्रश्न येईल, "मागचं जरा कापून वेल्डिंगचे दोन टाके मारू का? अर्ध्या तासाचं काम." तिथेच नको म्हण. या कामाचा एकच नियम आहे: जे लावशील ते साध्या पान्याने सुटलं पाहिजे, आणि मूळ सीट मूळ बोल्टांवर परत बसली पाहिजे. पुढचं सगळं याच नियमातून निघतं.

मागचा उंचवटा कशासाठी, ते आधी समजून घे

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर 1938 साली एस कॅफे सुरू झालं. पन्नास-साठच्या दशकांत तिथे जमणारी पोरं ताशी 100 मैलांच्या, म्हणजे 160 किलोमीटरच्या मागे लागलेली. त्या वेगाला ते 'टन' म्हणत. रेसच्या गाड्या बघून त्यांनी हँडल खाली घेतलं, फूटरेस्ट मागे नेले आणि मागे उंचवटा असलेली एकट्यापुरती सीट लावली. टाकीवर ओणवा झालेला माणूस अ‍ॅक्सिलरेटर पिळला की मागे सरकतो. त्याचं बूड अडवायला तो उंचवटा. शोभा नंतर आली.

रॉयल एनफिल्डने स्वतःच 1964 साली 250 सीसीची काँटिनेंटल जीटी काढली होती, तेव्हा एनफिल्डला ही सीट परकी नाही. पण त्या गाडीत हँडल, फूटरेस्ट आणि सीट यांचा एकमेकांशी हिशेब होता. आपल्याकडे 1955 पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट ही पाठ सरळ ठेवून बसायची गाडी. तिचं उंच हँडल आणि पुढचे फूटरेस्ट तसेच ठेवून नुसती सीट बदललीस, तर पाय पुढे, बूड मागे आणि हात ताणलेले, अशी गत होते. पन्नास किलोमीटरांत कंबर बोलायला लागते.

म्हणून पैसे मोजायच्या आधी जुनी सीट उतरव, चेसिसवर जाड फळी आणि तिच्यावर उशी ठेवून बस. हँडल धर, पाय फूटरेस्टवर घे, अंग सैल सोड. बूड जिथे टेकलं तिथे मागून टेप चिकटव. नव्या सीटचा उंचवटा त्या टेपच्या दोन-तीन बोटं मागे सुरू झाला पाहिजे. दुकानात सीट कितीही देखणी दिसो, हे माप जुळत नसेल तर ती तुझी नाही.

वेल्डिंग का नको

चेसिसची नळी आतून पोकळ आणि भिंतीला पातळ. इतक्या वर्षांत आतून किती गंजली ते बाहेरून कळत नाही. अशा नळीवर टाका मारला की एक तर ती जळून भोक पडतं, नाही तर टाक्याच्या कडेचा भाग तापून त्याचा मूळचा चिवटपणा जातो. पुढे एका सिलिंडरची थरथर रोज त्याच कडेवर काम करते. तडा टाक्यात क्वचित जातो, टाक्याच्या शेजारी जातो. शिवाय लोखंड निवताना आकसतं आणि नळी ओढली जाते. मग सीट सरळ दिसते आणि मडगार्ड वाकडं.

कागदाचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. तुझ्या आरसीवर आसनसंख्या 2 असेल आणि गाडीवर एकट्याची सीट, तर ती विसंगतीच. म्हणून आधी आरटीओत विचार, किंवा मागे बसायला जागा असलेली लांब कॅफे सीट घे. मागे माणूस बसवणार असशील तर धरायला कडी, मागचे फूटरेस्ट आणि साडी गार्ड हवेतच. कायदाही तेच सांगतो.

आणखी एक गोष्ट. 2021 पासून पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीची 'विंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिसमध्ये फेरफार झालेला चालत नाही. कापलेली चेसिस त्या रांगेतून कायमची बाद. बोल्टवर बसवलेली सीट एका संध्याकाळी उतरवता येते.

माप कागदाच्या पट्टीने घे

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लाव. टाकीच्या मागच्या कडेपासून चेसिसच्या शेवटापर्यंतची लांबी घे. दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधलं अंतर तीन ठिकाणी मोज: टाकीजवळ, मध्ये आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टाजवळ. तिन्ही आकडे सारखे येतील असं धरून चालू नकोस.

नळीची जाडी मोजायला व्हर्नियर नसला तरी अडत नाही. वहीच्या कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळ, जिथे टोक चढतं तिथे पेन्सिलीची खूण कर, पट्टी सरळ करून मोज आणि 3.14 ने भाग. पट्टी 70 मिलिमीटर भरली तर नळी साधारण 22.3 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाची नव्हे, 7/8 इंचाची. क्लॅम्प त्याच मापाचा घ्यायचा. 25 चा आणून आत रबर कोंबलं की तो चार दिवसांत फिरायला लागतो. रंगाचे थर चढलेले असतील तर ते मापात धरलेत, हेही लक्षात ठेव.

मग जाड पुठ्ठा घे, चेसिसवर ठेव, खालून नळ्यांची रेघ मार आणि जिथे आधीची भोकं आणि बोल्ट आहेत तिथे खुणा कर. हा पुठ्ठा घेऊन दुकानात जा आणि सीट उलटी करून तिच्या तळावर तो ठेवून बघ. फोटोपेक्षा पुठ्ठा खरं बोलतो.

नवं भोक चेसिसला नाही

पुढे टाकीमागे एक पकड आणि मागे दोन बोल्ट, अशी जुन्या गाड्यांत सीटची साधारण मांडणी असते. मडगार्ड धरणारे बोल्ट वेगळे. या सगळ्या जागा कंपनीने वजनाचा विचार करून दिलेल्या आहेत, त्यांचाच उपयोग कर. कमी पडतील तिथे नळीला रबराचं अस्तर असलेला क्लॅम्प लाव. नळीच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला ड्रिल तर अजिबात घालू नकोस. भाराखाली नळी वाकू बघते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच दोन अंगांवर असतो.

सीट आणि बोल्ट यांच्यामध्ये दुवा म्हणून 25 मिलिमीटर रुंद, 5 मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी पुरते. व्हाइसमध्ये धरून थंडच वाकव, कोपरा एकदम काटकोनात मोडू नकोस, थोडी गोलाई ठेव. भोकाच्या कडा कानशीने घास, मगच रंग दे. रंग न दिलेली कड पहिल्याच पावसात गंज धरते.

शॉकअपच्या वरच्या बोल्टावर पट्टी अडकवायचा मोह होतो, तो आवर. तिथे जाडी वाढली की नट पुरेसे आटे धरत नाही, आणि तो बोल्ट सुटला तर प्रश्न सीटचा राहत नाही.

आट्यांशी जबरदस्ती नको

जुन्या बुलेटचे बरेचसे बोल्ट इंग्रजी मापाचे. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, आणि आजचा बाजारातला बोल्ट 8 मिलिमीटरचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण 8 च्या बोल्टाचे आटे 1.25 मिलिमीटर अंतरावर असतात आणि 5/16 च्या बारीक इंग्रजी आट्याचे, ज्याला सायकल आटा म्हणतात, एका इंचात 26, म्हणजे एक मिलिमीटरलाही किंचित कमी. नवा बोल्ट दोन फेरे हाताने जातो, मग अडतो. तिथे पाना लावलास की चेसिसचे आटे गेलेच म्हणून समज.

नियम साधा: निदान पाच फेरे बोटांनी गेला तरच बोल्ट त्या भोकाचा. मूळ बोल्ट काढलेस की प्रत्येकाला चिठ्ठी बांध, ग्रीस लाव आणि डब्यात घाल. नवे लागलेच तर जुना नमुना हातात घेऊन इंग्रजी मापाचे बोल्ट ठेवणाऱ्या दुकानात जा. नुसतं "आठचा द्या" म्हणू नकोस.

भार रबरावर, बोल्ट फक्त धरायला

सगळ्यात जास्त सीटा इथे फुटतात. फायबरचा तळ चार बोल्टांवर लोंबकळत ठेवला की प्रत्येक खड्ड्याला तुझं वजन त्या चार भोकांवर आदळतं. महिन्याभरात भोकाभोवती पांढऱ्या रेषा दिसतात, मग चीर. त्यामुळे तळ आणि नळी यांच्यामध्ये 8 ते 10 मिलिमीटर जाडीचे रबराचे तुकडे हवेत, दोन पुढे, दोन मागे. कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा याला उत्तम.

आधी नट न लावता सीट नुसती रबरांवर ठेव आणि बस. खाटेचा एक पाय आखूड असावा तशी डुलली, तर ज्या कोपऱ्यात फट आहे तिथलं रबर जाड कर. नट आवळून डुलणं थांबवलंस तर तळ पीळ खाऊन बसेल. चारही रबरं नीट दबल्यावरच नट लाव. फायबरच्या बाजूला मोठा वायसर, त्याखाली पातळ रबर, आणि नट नायलॉकचा. रबर जरासं फुगेपर्यंतच आवळायचं.

फायबरला भोक पाडताना

खुणेवर आधी टेप चिकटव, मग 3 मिलिमीटरने सुरुवात कर आणि टप्प्याटप्प्याने मोठं कर. ड्रिल हळू फिरव, दाबू नकोस. मागून लाकडाचा ठोकळा लाव, म्हणजे पापुद्रा उचकटत नाही. भोक कडेपासून निदान 25 मिलिमीटर आत हवं. तोंडाला मास्क लाव, फायबरची धूळ नाकात गेली की दिवसभर खोकवते.

भोकं पाडायच्या आधी मधली रेघ तपास. हँडलच्या मधल्या नटापासून मागच्या मडगार्डच्या मध्यापर्यंत सुतळी ताण, सीटची मधली शिवण तिच्याखाली यायला हवी. उंचवटा मागून बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतो, एका बोटाचा वाकडेपणा पन्नास फुटांवरून दिसतो.

चाक, वायर, टाकी

मडगार्ड किंवा सीटचा तळ खाली आला असेल तर दोन वजनदार माणसं मागे बसवून गाडी दाबायला सांग आणि तू बाजूने वाकून बघ. टायर आणि वरचा भाग यांत अशी दबल्यावरही दोन बोटं जागा उरली पाहिजे. खड्ड्यात गाडी माणसांनी दाबली त्याहून जास्त दबते.

मागच्या दिव्याची वायर कुठेही तळ आणि नळी यांच्यात चेपता कामा नये. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाल, नाही तर थरथरीने आवरण कापलं जाऊन फ्यूज उडतो. टेललॅम्प, इंडिकेटर आणि नंबरप्लेट सीट आखूड झाली म्हणून झाकली जाऊ देऊ नकोस. सीटचं नाक आणि टाकी यांत निदान 5 मिलिमीटर फट ठेव. टाकी आणि सीट वेगवेगळ्या थरथरतात, चिकटून राहिल्या तर टाकीचा रंग आधी जातो.

आणि मेन स्टँडला लावताना कुणी मागचा उंचवटा धरून ओढणार नाही, याकडे लक्ष दे. जुन्या सीटबरोबर उचलायची कडी काढावी लागली असेल तर हात घालायला चेसिसचीच जागा ठरव आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव.

पावसाचं पाणी

शिवण वरच्या बाजूला असली की पाणी टाके धरून आत जातं आणि फोम आठवडाभर ओला राहतो. कुशनवाल्याला शिवण कडेला घ्यायला सांग, फोमवर रेक्झिनच्या आधी प्लास्टिकचा एक थर घालायला सांग. तळाला सगळ्यात खोल जागी 5 मिलिमीटरची दोन भोकं ठेव. आत गेलेल्या पाण्याला बाहेर वाट हवी.

पहिले किलोमीटर

पहिल्या दिवशी घराजवळच फिर, एकट्याने. 50 किलोमीटर झाले की सगळे नट हाताने तपास, 200 ला पुन्हा. रबर बसतं, मग नट सैल वाटतो, तेवढाच पाव फेरा आवळ. प्रत्येक नटावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेव. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना न लावता बसल्या जागी कळतं.

आणि आता उलटं करून बघ

काम झालं असं वाटलं की लांबच्या फेरीला निघू नकोस. नवी सीट, पट्ट्या, क्लॅम्प उतरव आणि मूळ सीट मूळ बोल्टांवर लाव. कुठे अडली, कुठे हातोडी घ्यावीशी वाटली, तर तिथे तू काहीतरी वाकवलंयस, ते आत्ताच सरळ कर. विनातक्रार बसली तर पुन्हा नवी चढव.

मूळ सीट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नकोस, आत दमट राहून बुरशी धरते. सुती चादरीत बांध, जमिनीपासून वर, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेव. शेजारी बोल्टांचा डबा आणि तो पुठ्ठा. उद्या गाडी विकलीस तर हे सगळं गाडीबरोबर द्यायचं, वेगळे पैसे न लावता. घेणाऱ्याला कॅफे सीट आवडेल की नाही, ते त्याचं तो ठरवील.