फ्रेडला का मारलं?

प्रश्न : हॅरी पॉटरचा सातवा भाग परवा संपवला. फ्रेडचा मृत्यू पचतच नाही आणि 'एकोणीस वर्षांनंतर'चं शेवटचं प्रकरण तर फारच गुळमट वाटलं. एका पुस्तकासाठी इतकं रडणं बरोबर आहे का?
– बारावीची विद्यार्थिनी, चिखला (ता. तुमसर)

उत्तर : अगं, अगदी बरोबर आहे. 1893मध्ये कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारलं, तेव्हा चिडलेल्या वाचकांनी त्या कथा छापणाऱ्या मासिकाची वर्गणी बंद केली होती. पुढे होम्स परतला. फ्रेड परतणार नाही, आणि 2015मध्ये लेखिका रोलिंगबाईंनी त्याच्या मृत्यूबद्दल वाचकांची माफी मागितली, तरी तो प्रसंग लिहिलाय फार ताकदीने. घरच्यांशी वर्षानुवर्षं फटकून वागलेला त्याचा भाऊ पर्सी नुकताच परत आलाय, लढता लढता चक्क विनोद करतोय, फ्रेड खूश होऊन हसतोय आणि त्याच क्षणी भिंत कोसळते. समेट झाल्या झाल्या मरण! म्हणूनच तो घाव खोल बसतो.

शेवटच्या प्रकरणाबद्दल मी तुझ्याच बाजूने आहे. प्लॅटफॉर्मवर मुलांची नावं कळतात, जोड्या जुळलेल्या दिसतात. पण जुळा भाऊ गमावलेला जॉर्ज तिथे नाहीच. मला तोच हवा होता. त्याने फ्रेडसोबतचं दुकान पुन्हा उघडलं तो पहिला दिवस तूच लिहून काढ, दोन पानं का होईना. त्याआधी चौतिसावं प्रकरण, हॅरी एकटा जंगलात जातो ते, सावकाश पुन्हा वाच. मालिकेचा खरा शेवट मला तिथेच सापडतो.