हेलिकॉप्टरसाठी झाडावर चढताना

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, त्या उभ्या उतारांवरच्या जंगलात कामाला निघाला आहेस, तर पोरा, नीट ऐक. तिथे रस्ता नाही, आणि नाही तेच बरं. रस्ता खोदला की उतार घसरतो, माती सॅल्मन माशांच्या ओढ्यांत उतरते. आणि जुनं सीडर आडवं पाडलं तर आपटून फुटतं. म्हणून झाड उभंच ठेवतात. तू चढून फांद्या आणि शेंडा काढायचा, मग खालचा गडी बुंधा थोडं लाकूड राखून कापणार, आणि हेलिकॉप्टरचा लोखंडी पंजा वरून खोड धरून, मोडून, उभंच्या उभं नेणार. वर तू जे पाहशील ते त्या गड्याला आणि पायलटला दिसणार नाही. ते त्यांना सांगणं हे तुझं निम्मं काम.

आधी मान वर करून झाडाभोवती फेरी मार. लटकलेली मेलेली फांदी दिसली तर तिच्याखाली उभा राहू नकोस. कुऱ्हाडीच्या माथ्याने बुंधा चहूबाजूंनी ठोक. म्हाताऱ्या लाल सीडरचा गाभा बऱ्याचदा कुजलेला असतो. बाहेरून काही कळत नाही, आवाजावरून कळतं. चढतानाही ठोकत जा. पंजा जिथे धरणार तिथलं लाकूड निरोगीच हवं. ते मिळेपर्यंत शेंडा आणखी खालून काढ. फांद्या खोडालगत साफ कर, खुंट राहिले तर पंजा नीट मिटत नाही.

वजनाचा हिशेब मात्र घाईत करू नकोस. सरासरी 1 मीटर व्यासाचं, 10 मीटर लांबीचं खोड सुमारे 7.9 घनमीटर भरतं. ओलं लाल सीडर असेल तर साधारण साडेतीन टन, तेवढंच हेमलॉक पाच टनांच्या पुढे. के-मॅक्स हेलिकॉप्टर 2.7 टन उचलतं, स्कायक्रेन हेलिकॉप्टर मॉडेलप्रमाणे 9 ते 11 टनांपर्यंत. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, आणि नजर फसते ती इथेच. म्हणून टेप लावूनच मोज. पायलटला सांगायचा आकडा अंदाजाने कमी करू नकोस.

चढताना पायातले पोलादी काटे सालीत नाही, लाकडात रुतले पाहिजेत. सिटका स्प्रूसची साल खवल्यांनी सुटते, सीडरची धाग्याधाग्यांनी. पावसात दोन्ही दगा देतात, आणि तिथे पाऊस नेहमीचाच. करवत चालवताना कमरेच्या पोलादी गाभ्याच्या दोराशिवाय दुसरा दोरही बांधलेला हवाच. करवतीचा एक चुकार फटका एका दोराला पुरतो. शेंडा तोडताना खोड उभं चिरलं, तर कमरेचा दोर तुला त्याच्यावर आवळून टाकतो. म्हणून आधी खाच नीट खोल घे, झुकलेल्या शेंड्याला घाई करू नकोस.

बुंध्याचा शेवटचा काप झाला की ते झाड कुणाचं नाही. त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी जायचं नाही, राहिलेलं हत्यार आणायलासुद्धा नाही. हेलिकॉप्टरच्या पंख्यांचा झोत शेजारच्या झाडांवरच्या मेलेल्या फांद्या खाली आणतो, तेव्हा उघड्यावर, लांब उभा राहा. आणि वारा वाढला, तर अर्ध्या फांद्या राहिल्या असल्या तरी करवत बंद कर आणि खाली ये. उशीर झाला म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.