कौशल्याचा दाखला

पैशाच्या पत्त्यांविषयी आपल्या जिल्ह्यात जी सावधगिरी पूर्वापार चालत आली आहे ती तिरटाच्या अड्ड्याविषयीची आहे: गावाबाहेरचे पत्र्याचे शेड, पोलिसांचा छापा, रोख रक्कम व मोटारसायकली धरून जप्त झालेला मुद्देमाल, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी. ज्या घरातील माणसे त्या वाटेला कधी गेली नाहीत, ज्यांची मुले अभ्यासू, निर्व्यसनी आणि गणितात हुशार आहेत, त्या घरांना हा इशारा दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असे वाटत आले. गेल्या काही वर्षांत जुगार मात्र अशाच घरांत शिरला, आणि तो अभ्यासाच्या रूपाने शिरला, हे धाराशिवच्या न्यायालयात वकिली करताना मी पाहिले व त्याहून जवळून माझ्या स्वतःच्या घरात पाहिले, म्हणून हे अनुभवाचे बोल.

माझा भाचा कळंबकडचा. घरी सोयाबीन आणि थोडा ऊस. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तो माझ्याकडे राहत होता. टाळेबंदीच्या दिवसांत अभ्यासिका बंद पडल्या, परीक्षा लांबणीवर गेल्या, आणि त्या रिकाम्या काळात त्याला दोघांच्या पोकरचा छंद लागला. व्यावसायिक खेळाडूंचे डाव तो मोबाईलवर पाही, वहीत टिपणे काढी, शक्याशक्यतेची कोष्टके पाठ करी. मीही सायंकाळी त्याच्यासोबत बसू लागलो. कारण हा खेळ बुद्धीला खरोखरच खाद्य पुरविणारा आहे, आणि त्याची निंदा करण्यापूर्वी त्याचे मर्म सांगणे मला न्यायाचे वाटते.

दोघांच्या खेळाचे आपल्या मुलखाला काही परकेपण नाही. तुळजापुरात भारतीबुवांच्या मठात साक्षात भवानी सारीपाट खेळावयास येत असे, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मग समाईक पाच पाने उघडतात, पहिल्यांदा तीन, नंतर एक, शेवटी एक, आणि प्रत्येक टप्प्यावर चाल लावता येते. बावन्न पानांतून दोन पानांच्या 1,326 जोड्या संभवतात. टेबलावर आठ-नऊ जण असले की चांगली पाने येईपर्यंत स्वस्थ बसता येते. दोघेच असले की प्रत्येक डावात सक्तीचा पैसा मांडावा लागतो, त्यामुळे हलकी पानेही खेळावीच लागतात. त्यातून हातात जोडी नसलेल्या माणसाची पहिल्या तीन पानांत जोडी किंवा त्याहून काही बरे जमण्याचा योग सुमारे तीनांत एकदाच येतो. म्हणजे बहुतेक वेळा माझ्याही हाती काही नाही आणि समोरच्याच्याही नाही, अशा अवस्थेत प्रश्न पानांचा राहत नाही, समोरचा काय समजतो आहे आणि मी काय समजतो आहे असे तो समजतो, याचा होतो. हुशार मुलाला याची भुरळ पडते ती याच ठिकाणी, आणि ती भुरळ क्षुद्र नाही.

त्या हिवाळ्यात डग पोल्क आणि डॅनियल निग्रानू या दोन नामांकित खेळाडूंचा सामना चालू होता. 2020 च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला, 2021 च्या फेब्रुवारीत संपला. ठरलेले डाव 25,000, आणि अखेरीस पोल्क सुमारे बारा लाख डॉलरांनी पुढे राहिला. भाच्याने या सामन्याचे जणू पारायण केले. पण त्या सामन्यातील एक गोष्ट त्याच्या वहीत कोठेच नव्हती. पहिल्या दिवशी समोरासमोर जे दोनशे डाव झाले, त्यांत जिंकला होता निग्रानू. दोघांच्या पोकरचा विशेषज्ञ मानला गेलेला खेळाडू दोनशे डावांत हरू शकतो, आणि त्याचे श्रेष्ठत्व पटावर दिसण्यासाठी हजारो डाव जावे लागतात, हे त्या सामन्याचे सर्वांत मोलाचे शिक्षण होते. आपला मुलगा एका रात्रीत जेवढे डाव खेळतो तेवढ्यांवरून तो तरबेज झाला की नाही याचा फैसला करणे, दोन्ही बाजूंनी, केवळ अशक्य असते. जिंकला तरी काही सिद्ध होत नाही, हरला तरी नाही. आणि हीच अनिश्चितता त्याला पुन्हा बसविते, कारण जिंकल्याचे श्रेय अभ्यासाला आणि हरल्याचा दोष नशिबाला देण्याची सोय तीत असते.

पुढे भाचा ऑनलाइन पैसे लावून खेळू लागला आणि कर्जात बुडाला. ती गोष्ट घरात कळल्यावर आम्ही दोघांनी त्याच्या खेळाचे दप्तर उघडले. संगणकावर प्रत्येक डावाचा रोजनामा उतरलेला असतो. कोणी किती लावले, कोणी पॅक केले, शेवटी कोणाची पाने काय निघाली. त्यातला एक डाव इथे जसाच्या तसा मांडतो. सक्तीचे पैसे पाच व दहा रुपये. भाच्याच्या हाती किलवर गुलाम आणि बदाम दश्शी. त्याने पंचवीस केले, समोरच्याने तेवढेच घातले, मध्ये जमलेला पॉट पन्नासचा झाला. पाने उघडली: इस्पिक राजा, बदाम अठ्ठी, चौकट तिर्री. भाच्याजवळ काहीच नाही. तरी त्याने पंचवीस लावले, समोरचा आला. चौथे पान दुर्री. याने पंचाहत्तर लावले, तो पुन्हा आला. पाचवे पान छक्की. पॉट आता अडीचशेचा. भाच्याने तीनशे पंचाहत्तर रुपयांचा ब्लफ केला. समोरच्याने क्षणभरही न दवडता तो स्वीकारला आणि अठ्ठी-पंजी दाखविली. अठ्ठीची जोडी, बस्स. एका डावात पाचशे रुपये गेले.

“मामा, पण पोल्कनं अगदी अशीच चाल केली होती, आणि समोरच्यानं राजाची जोडी टाकून दिली होती,” तो म्हणाला.

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखविला. अडीचशे मिळविण्यासाठी तीनशे पंचाहत्तर धोक्यात घातले, तर अशी चाल पाचांतून तीनदा यशस्वी झाली तरच मुद्दल सुटते. मग त्याच रोजनाम्यात आम्ही या प्रतिस्पर्ध्याचे मागचे सारे डाव काढले. त्या गृहस्थाने एकदा जोडी जमल्यावर ती शेवटपर्यंत कधी टाकलीच नव्हती. ज्याला पाने टाकणे ठाऊकच नाही त्याच्यासमोर जगातील सर्वोत्तम ब्लफ हा दानधर्म ठरतो. निग्रानू राजाची जोडी टाकू शकतो, कारण तो विचार करतो. पोल्कची चाल त्या विचारावर रोखलेली होती. भाच्याने चाल उचलली, ती ज्या माणसासाठी घडविली होती तो माणूस मात्र समोर नव्हता. रोजनाम्याची पाने उलटत गेलो तसे हे प्रकरण एका डावाचे नव्हते हे दिसत गेले. त्याच्या तोट्याचा मोठा हिस्सा अशा उसन्या शौर्याने खाल्लेला होता.

म्हणून ज्यांना हा खेळ विद्या म्हणून शिकायचा आहे, आणि तसा तो अवश्य शिकावा, त्यांना माझे सांगणे असे की थोरांचा डाव पाहताना पुढचे पान व पुढची चाल झाकून ठेवावी, आपण काय केले असते व का, हे आधी शाईने लिहावे, आणि मगच पडदा उचलावा. ज्या डावांचे कौतुक होते ते सोडून ज्या डावांत खेळाडूने निमूटपणे पाने टाकली ते अधिक पाहावेत, कारण नैपुण्याचा बहुतांश भाग तेथेच, कोणाच्याही लक्षात न येता, खर्च होत असतो. जिंकला की हरला हे डावाखाली लिहूच नये. शेवटच्या चालीचे गणित प्रत्येक वेळी करावे: पॉटइतकीच रक्कम समोरच्याने लावली तर स्वीकारणाऱ्याला तीनांत एकदा जिंकणे पुरते, आणि लावणाऱ्याचा ब्लफ निम्म्या वेळा तरी यशस्वी व्हावा लागतो, एवढे दोन आकडे ज्याच्या अंगवळणी पडले त्याची दृष्टी पुष्कळ निवळते. आणि हे सारे घरी, दोन माणसांनी, पत्त्यांचा एक जोड व चिंचोके घेऊन करता येते.

या विद्येची मर्यादा कोठवर गेली आहे हेही जाणून घेतले पाहिजे. 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टुओमास सँडहोम व नोम ब्राऊन यांनी घडविलेल्या लिब्रॅटस नावाच्या संगणकीय प्रणालीने दोघांच्या खेळातील चार निष्णात व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरविले. ते चौघे रात्री एकत्र बसून तिच्या खेळातील छिद्रे शोधीत, आणि तीही रात्रीतून आपली छिद्रे बुजवी. सकाळी त्यांना तिथे भिंत आढळे. ज्यांचा चरितार्थ या खेळावर होता त्यांची ही गत झाली, तेव्हा मोबाईलच्या पडद्याआड समोर कोण बसले आहे, माणूस की यंत्र, की यंत्राचा सल्ला घेणारा माणूस, हे ज्याला तपासता येत नाही त्याने आपल्या अभ्यासाच्या बळावर पैसे मांडणे हे धाडसाचेही काम नाही.

आता खेळ चालविणारा मालक जो वाटा कापून घेतो त्याविषयी. सोयाबीनच्या पट्टीवर हमाली, तोलाई वजा होते ती शेतकऱ्याला निदान वाचता येते. पत्त्यांतील कपात दिसत नाही. समजा, दोन तुल्यबळ खेळाडू हजार-हजार रुपये घेऊन बसले आणि मालक प्रत्येक पॉटमधून शंभराला पाच घेतो. रात्रभरात पॉटांची बेरीज वीस हजार झाली की एक हजार मालकाकडे गेले, म्हणजे दोघांच्या मिळून भांडवलाचा निम्मा भाग, आणि दोघेही एकमेकांविरुद्ध हरलेले नाहीत! त्यावर 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर आला, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर त्याच आर्थिक वर्षापासून होताच.

हा सारा व्यवहार ज्या एका दाखल्यावर उभा होता तो आपल्या जुन्या संस्थानाशी जोडलेला आहे, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. 1948 पर्यंत आपला जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या 1305 फसलीच्या जुगार कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर खटला झाला, आणि 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरावे कोणते टाकावे हे ठरवावे लागते. तीन पानांच्या खेळासारखा तो निव्वळ नशिबाचा नाही. पुढे अनेकांनी हे वाक्य ढालीसारखे मिरविले. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते की क्लबचा मालक खेळातून नफा काढीत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. हा उत्तरार्ध कोणत्याही जाहिरातीत आला नाही. आणि न्यायालयाने दाखला दिला तो खेळाला. खेळणाऱ्याच्या अंगी कौशल्य आहे, असे कोणत्याही न्यायालयाने कोणाही मुलाला लिहून दिलेले नाही.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य की नशीब हा भेदच पुसून टाकला, आणि मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव थांबविले. त्याआधी दोनच महिने, जूनमध्ये, आपल्याच जिल्ह्यातील एका गावात ऑनलाइन रमीच्या कर्जापायी एक अख्खे लहान कुटुंब संपल्याची वार्ता आपण सर्वांनी वाचली होती. कायदा झाला हे उत्तम झाले; परंतु परदेशी संकेतस्थळांच्या चोरवाटा उघड्या आहेत, आणि जुनी कर्जे कायद्याने फिटत नाहीत.

भाच्याच्या डोक्यावर जे कर्ज होते त्यातले काही झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे होते, काही गावातल्या एका सावकाराचे, आणि सोयाबीनची पट्टी त्याच्या खात्यावर आली होती तीही त्यात गेली होती. असा प्रसंग ज्या घरावर येईल त्यांनी पहिल्या दिवशी मुलाला बोल लावू नये. त्या दिवशी त्याच्या मनाची अवस्था फार नाजूक असते. त्याला एकटे सोडू नये, आणि टेलिमानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर त्याला स्वतःच्या भाषेत बोलू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन सर्व कर्जांची यादी करावी: कोणाचे, किती, कोणत्या तारखेचे, कागद काय. ॲपवाले नातेवाइकांना धमक्या देत असतील तर ते संदेश न पुसता सायबर पोलिसांकडे न्यावेत. फसवणुकीने पैसे गेले असतील तर 1930 वर तत्काळ कळवावे. सावकाराकडे परवाना आहे का हे विचारावे; नसल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 अन्वये तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिची पोच घ्यावी. मागचे कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढू नये, जमिनीचे खरेदीखत ‘नुसते तारण म्हणून’ करून देऊ नये, आणि कोऱ्या मुद्रांकावर वा कोऱ्या धनादेशावर सही झालेली असेल तर ती गोष्ट लाजेपोटी न लपविता वकिलाला त्याच दिवशी सांगावी, कारण पुढची सारी कारवाई तो कागद कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते.