पत्ता खुर्चीचा, मत आपलं

चि. मनूस,


मंत्रालयात रुजू झाल्यापासून तुझ्या फोनवरच्या बोलण्यात वेगळाच हुरूप जाणवतो. तो असाच टिकावा. आज मात्र एका गोष्टीबद्दल मुद्दाम लिहितोय. फोनवर ती घाईत राहून जाते.

मिक्सरचं भांडं गळतं म्हणून तू विक्रेत्याला पाठवलेला मेल मलाही वाचायला दिलास. "मामा, दोन तासांत फोन आला त्यांचा!" असंही कौतुकाने लिहिलंस. तक्रार रास्त होती, भाषाही सभ्य होती. पण तो मेल कार्यालयाच्या पत्त्यावरून गेला होता आणि खाली आपोआप तुझं नाव, 'सहायक कक्ष अधिकारी', विभाग, दूरध्वनी असं सगळं उमटलं होतं. खरेदीच्या साइटवर त्याच पत्त्याने खातं उघडून तू एक तारा देऊन अभिप्रायही टाकलास. आता सांग, तो फोन गळक्या भांड्यामुळे आला की त्या चार ओळींमुळे? दबाव टाकायचं तुझ्या मनात नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. समोरच्या दुकानदाराला ते कसं कळावं?

हीच तक्रार तू विभागाच्या लेटरहेडवर लिहिली असतीस का? कधीच नाही. शासनाचा मेल म्हणजे तेच लेटरहेड. त्यावरून सिनेमाबद्दल लिही, सोसायटीच्या पाण्याबद्दल लिही की निवडणुकीबद्दल, वाचणाऱ्याला मनू दिसत नाही, विभाग दिसतो. तुझ्या रागाचा धनी विभाग होतो आणि विभागाचं वजन तुझ्या खासगी भांडणात पडतं. दोन्ही गैरच.

नियमही माहीत असू देत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत आणि ते कार्यालय सुटल्यावर घरी विसावत नाहीत. जुलै २०२५ मध्ये शासनाने समाजमाध्यमांबाबत निर्णय काढला. त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगवेगळी ठेवा, असं स्पष्ट म्हटलं आहे. शिवाय माहिती अधिकार कायद्याने २००५ पासूनच 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेल धरला आहे. म्हणजे कार्यालयाच्या मेलपेटीत जे साठतं ते तुझं खासगी नव्हे, ते दप्तर आहे.

तो पत्ता कायम तुझ्याकडे राहणार नाही, हेही ध्यानात घे. पदनामाचा मेल असला तर बदली झाली की चार्ज देताना तोही पुढच्या माणसाच्या हाती जातो. मग तू कुठे खातं उघडलंस, कुठे काय लिहिलंस, त्याची उत्तरं आणि पासवर्ड बदलायचे दुवे तुझ्या जागी आलेल्या माणसाला दिसणार. तुला मात्र स्वतःचंच लिहिलेलं काढता येणार नाही.

सुरक्षिततेचा भाग सर्वांत गंभीर. २०१२ साली ड्रॉपबॉक्स या कंपनीत काय घडलं ते वाच. चोरीला गेलेला एक पासवर्ड वापरून कुणीतरी तिथल्या एका कर्मचाऱ्याच्याच खात्यात शिरलं आणि ग्राहकांच्या ई-मेल पत्त्यांची यादी त्याच्या हाती लागली. खरेदीच्या साइटवर तू कार्यालयाचा पत्ता आणि सवयीचा पासवर्ड दिलास, उद्या ती साइट फुटली, तर चोराला थेट तुझ्या विभागाचं दार ठाऊक होतं. तिथे तुझा मिक्सर नाही, लोकांचे अर्ज आणि फायली आहेत. त्यांची राखण करणं हे तुझं काम आहे.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी हे कर. कार्यालयाच्या पत्त्यावर कुठे कुठे खाती उघडलीस त्याची यादी काढ आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःचा मेल घाल. बदलता येत नसेल तिथलं खातं बंद कर. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेव, कार्यालयाचा तर दुसरीकडे कुठेच नको. फोनमध्ये दोन्ही मेल असतील, तर पाठवण्यापूर्वी 'प्रेषक' हा रकाना वाचायची सवय लाव. घाईत चूक तिथेच होते. आणि वस्तू खराब निघाली, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक सगळ्यांसाठी आहे. तिथे साध्या ग्राहकासारखी तक्रार कर. फोन यायला दोन दिवस लागले तर लागू देत. हुद्दा नसलेली माणसं तेवढी वाट रोजच बघतात, आणि त्यांच्यासाठीच तू त्या खुर्चीवर बसली आहेस.

याचा अर्थ गप्प बस असा मुळीच घेऊ नकोस. नियमांच्या चौकटीत राहून, तुला जे पटतं ते जरूर लिही. तुझी लेखणी चांगली आहे. फक्त ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पत्त्यावरून लिही. म्हणणं खरं असेल तर त्याला हुद्द्याचा टेकू लागत नाही, आणि टेकू काढल्यावर जे उभं राहत नाही ते लिहूच नये.

प्रकृतीला जप. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा