अश्वत्थाम्यापायी रोल घालवू नये

मी अजून फिल्मवरच फोटो काढतो. बुरहानपूरला मुक्काम इतवाऱ्यात, आत्याकडे. तिथून भटकताना जे कळलं ते असं.

१. रोलमध्ये फोटो छत्तीसच, म्हणून आधी गोष्ट पुरती ऐकून घ्यावी. असीरगडावरच्या महादेवाला अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो, असं इथं सगळे सांगतात. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल-हळद मागत फिरतो म्हणे. गडावरून परतलं की गल्लीत पहिला प्रश्न, "काय भाऊ, दिसला का?" त्याच्यासाठी दबा धरून बसण्यात मला रस नाही. सांगणाऱ्याकडे बघावं. गोष्ट जखमेपाशी आली की त्याचं बोट आपसूक स्वतःच्या कपाळावर जातं आणि आवाज खाली येतो. शटर तेव्हा दाबावं.

२. घडलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहावं. मुमताज १६३१ च्या जूनमध्ये इथं वारली. तापीपल्याड झैनाबादच्या आहुखान्यात तिला आधी दफन केलं आणि पुढे आग्र्याला नेलं. हा झाला इतिहास. ताजमहाल इथंच व्हायचा होता, पण मातीला वाळवी निघाली, ही लोकांची गोष्ट. प्रिंटच्या पाठीवर मी दोन्ही पेन्सिलीनं लिहितो. गोष्टीखाली 'पानवाले काका' असं सांगणाऱ्याचं नावही.

३. कुंडी भंडाऱ्यात ट्रायपॉड हवाच. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवून, नुसत्या उतारावर शहरात आणायची ही खानखाना अब्दुर्रहीमच्या काळातली, १६१५ ची योजना. लिफ्टनं खाली उतरलं की भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं दिसतात आणि उजेड फक्त वरच्या कुंडीच्या तोंडातून येतो. मीटरनं ते पांढरं मोजलं तर फोटो काळा येणार; एक-दीड स्टॉप वाढवावा. शिवाय सेकंदापुढे फिल्म आळसावते. एचपी-फाइव्हवर मीटर चार सेकंद म्हणाला तर मी सहा देतो.

४. दराबा खायचा तर कॅमेरा पिशवीत घालून. तुपाचे हात लेन्सला लागले की दिवस गेला.

५. राजाच्या छत्रीला संध्याकाळी जावं. शाळेच्या पुस्तकातला मिर्झाराजा जयसिंग १६६५ चा पुरंदरचा तह करून दिसेनासा होतो. तो दोन वर्षांनी बुरहानपुरात मेला आणि ही छत्री त्याची. तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे मावळतीचा उजेड पात्रावरून सरळ खांबांत शिरतो.

६. मे महिन्यात रोल इथं धुवायचा तर आधी बर्फाची सोय बघावी. डी-७६ ला वीस अंश लागतात आणि टाकीचं पाणी तर हात पोळेल असं. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून बाटलीभोवती ठेवावा, डेव्हलपरमध्ये टाकू नये. शेवटच्या धुण्याचं पाणीही गारच ठेवावं, नाहीतर फिल्मवरचा थर सुटतो.